जमैकात किती वाजले?

जानेवारी 1762 मध्ये एचएमएस डेप्टफर्ड हे इंग्लिश जहाज जमैकाच्या पोर्ट रॉयल बंदराला लागले, तेव्हा त्यावर त्या काळातले सर्वांत अचूक सागरी घड्याळ होते. सुतारकाम करता करता घड्याळजी झालेल्या जॉन हॅरिसनने ते बनवले होते. इतिहासात त्याला एच-4 म्हणतात. हॅरिसनचे वय झाले होते, म्हणून मुलगा विल्यम ते घेऊन निघाला. वाटेत जहाजावरची बिअर खराब झाली आणि खलाशी हवालदिल झाले. त्या वेळी विल्यमने घड्याळावरून हिशेब मांडला आणि मदेरा बेटे केव्हा दिसतील ते सांगून टाकले. बेटे त्याच्या हिशेबाप्रमाणे दिसली. जमैकात पोहोचल्यावर पडताळा घेतला, तर 81 दिवसांत घड्याळ जेमतेम पाच सेकंद मागे पडले होते.

समुद्रावर रेखांश काढता यावा म्हणून ब्रिटिश संसदेने 1714 मध्ये 20,000 पौंडांचे बक्षीस लावले होते. अट होती अर्ध्या अंशाची, म्हणजे दोन मिनिटांची. पाच सेकंद तर त्याच्या कितीतरी आत होते. तरीही लंडनच्या रेखांश मंडळाने हात आखडता घेतला. जमैकाचाच रेखांश खात्रीने ठाऊक नाही, मग घड्याळ ताडून पाहायचे कशाशी, असा त्यांचा मुद्दा होता. दुसरी चाचणी 1764 मध्ये बार्बाडोस बेटावर झाली. तिथे नेव्हिल मॅस्कलिन या खगोलशास्त्रज्ञाने गुरूच्या चंद्रांवरून रेखांश काढला. आधुनिक कालमापनाची सर्वांत मोठी परीक्षा झाली ती अशी कॅरिबियन समुद्रात.

त्याच पोर्ट रॉयलच्या समुद्रतळातून 1959 मध्ये एडविन लिंक यांच्या मोहिमेने एक पितळी खिशातले घड्याळ वर काढले. पॉल ब्लोंडेल या कारागिराने ते 1686 च्या सुमारास घडवले होते. काटे गंजून गेले होते, पण क्ष-किरणांनी पाहिले तेव्हा त्यांच्या खुणा सापडल्या. वेळ होती 11 वाजून 43 मिनिटे. 7 जून 1692 च्या सकाळी भूकंपाने हे श्रीमंत शहर समुद्रात ओढून नेले, तो क्षण मिनिटानिशी कळला तो या घड्याळामुळे.

असा वारसा असलेल्या देशाची आज जगभर ओळख आहे ती उशिरासाठी. ‘जमैका टाइम’ म्हटले की ठरल्या वेळेनंतर तास-दीड तास धरून चालायचे. ‘सून कम’, म्हणजे आलोच, हे शब्द कानावर पडले की बसून घ्यायचे. पर्यटकांच्या टी-शर्टांवर हे शब्द छापून विकले जातात आणि स्थानिक माणसेही हसून ते वापरतात. पण त्याच देशातली माणसे वर्तमानपत्रांना पत्रे लिहून या सवयीवर तळमळीने टीकाही करतात. हा उशीर येतो कुठून, तो सगळीकडे सारखा आहे का आणि त्याची किंमत कोण मोजते, हे प्रश्न थट्टेत उडवण्यासारखे नाहीत.

सुरुवात नकाशापासून करू. जमैका साधारण 18 उत्तर अक्षांशावर आहे. उत्तर किनाऱ्यावरचे माँटेगो बे आणि आपले पुणे जवळजवळ एकाच अक्षांशावर येतात. त्यामुळे दिवसाची लांबी पुणेकराला ओळखीची वाटावी अशीच आहे. सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, सर्वांत लहान अकरा तासांचा. संध्याकाळ रेंगाळत नाही, झपकन अंधार होतो. राजधानी किंग्स्टनची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या मागे 5 तास 7 मिनिटे आणि 10 सेकंद होती. 1912 मध्ये वरची सात मिनिटे सोडून देशाने पाच तासांचे प्रमाण स्वीकारले. मुंबईच्या वाचकाला इथे ‘बॉम्बे टाइम’ आठवेल. भारतीय प्रमाणवेळेपेक्षा 39 मिनिटे मागे असलेली ती वेळ मुंबई महापालिकेने 1955 पर्यंत धरून ठेवली होती. आज किंग्स्टनमध्ये दुपारचे बारा वाजतात तेव्हा महाराष्ट्रात रात्रीचे साडेदहा झालेले असतात.

उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याचा अमेरिकी प्रयोग जमैकाने 1974 मध्ये उचलला. तेलाच्या टंचाईचे ते दिवस होते. 1983 नंतर तो सोडून दिला. जिथे उन्हाळा आणि हिवाळा यांच्या दिवसांत दोन तासांचाच फरक आहे, तिथे काटे मागे-पुढे करून प्रकाशाची बचत कितीशी होणार? पण शेजारी मोठा असला की त्याचे घड्याळ आपल्या घरात शिरतेच. हिवाळ्यात किंग्स्टन आणि न्यूयॉर्क यांची वेळ एकच असते, उन्हाळ्यात जमैका एक तास मागे पडतो. माँटेगो बे, पोर्टमोर आणि किंग्स्टन इथल्या कॉल सेंटरांत अमेरिकी गिऱ्हाइकांचे फोन घेणाऱ्या हजारो तरुणांची पाळी त्यामुळे वर्षातून दोनदा सरकते. घरच्या भिंतीवरचे घड्याळ मात्र जागचे हलत नाही. मुलांची शाळा जुन्या वेळेवर, आईची पाळी नव्या वेळेवर. उन्हाळी वेळ पुन्हा आणावी अशी सूचना तिथे अधूनमधून होते ती या ओढाताणीमुळेच.

शेजारच्या देशांनी तर वेळेचे आणखी प्रयोग केले. डोमिनिकन प्रजासत्ताकाने ऑक्टोबर 2000 मध्ये कालविभाग बदलला आणि डिसेंबरात निर्णय फिरवला. हैतीने उन्हाळी वेळ कधी आणली, कधी काढली, 2016 मध्ये थांबवून 2017 मध्ये पुन्हा लागू केली. टर्क्स आणि केकोस बेटे 2015 मध्ये वेगळ्या वेळेवर गेली आणि 2018 मध्ये अमेरिकेच्या वेळेवर परतली. या मानाने जमैकाचे घड्याळ गेली चार दशके स्थिर आहे.

कालविभागाने उशिराचे कोडे सुटत नाही. त्यासाठी मळ्यांच्या इतिहासात शिरावे लागते, आणि या प्रश्नाचा गाभा तिथेच आहे.

उसाच्या मळ्यावर गुलामाचा दिवस शंखाने किंवा घंटेने सुरू होई. पहाटे शंख वाजला की शेतावर हजर, नाही तर चाबूक. घंटा मालकाची, घड्याळ मालकाचे, वेळही मालकाची. गुलामांच्या हाती उरे तो रविवार आणि सहसा एकाआड एक शनिवार. त्या उरलेल्या वेळात ते डोंगरउतारावरच्या आपल्या तुकड्यांवर रताळी, याम आणि भाजीपाला पिकवत आणि रविवारच्या बाजारात नेऊन विकत. पाठीवर ओझे घेऊन कोस-कोस चालायचे, बाजार भरण्याआधी पोहोचायचे आणि दुसऱ्या पहाटेच्या शंखाआधी परतायचे. हा हिशेब ज्यांनी पिढ्यान्पिढ्या चुकू दिला नाही, त्यांना वेळेची जाण नव्हती असे म्हणणे धडधडीत अन्यायाचे आहे.

1831 च्या नाताळात सॅम्युएल शार्प या बाप्टिस्ट उपदेशकाने हाक दिली, की सुटी संपल्यावर मजुरीशिवाय कामावर जायचे नाही. संपाचे बंड झाले, पश्चिम जमैकातले मळे पेटले आणि शार्पला मे 1832 मध्ये माँटेगो बेमध्ये फाशी दिली. आज तो जमैकाचा राष्ट्रवीर आहे. घंटा वाजली तरी जायचे नाही, हेच त्याच्या लढ्याचे हत्यार होते.

1 ऑगस्ट 1834 रोजी गुलामगिरी कायद्याने संपली, पण तीन लाखांहून अधिक माणसे लगेच मोकळी झाली नाहीत. ‘उमेदवारी’ नावाची मधली अवस्था लादली गेली. शेतमजुरांनी जुन्या मालकासाठी आठवड्याला साडेचाळीस तास बिनपगारी राबायचे, बाकीचा वेळ त्यांचा. लगेच भांडण सुरू झाले ते या साडेचाळीस तासांच्या वाटणीवरून. दिवसाला नऊ तास धरले तर साडेचार दिवसांत काम उरकते आणि शुक्रवारची दुपार मोकळी मिळते, म्हणून मजुरांना ते हवे होते. अनेक मळेवाल्यांनी आठ तासांचा हट्ट धरला, म्हणजे पाचवा दिवसही खर्ची पडतो. उशिराची किंवा कामचुकारपणाची तक्रार गेली, की दंडाधिकारी शिक्षा म्हणून मजुराचे स्वतःचे तास, बहुधा शनिवार, मालकाच्या नावे करून टाकी. वेळ हाच दंड होता. ही व्यवस्था 1 ऑगस्ट 1838 रोजी मुदतीआधीच मोडली. तिच्यानंतर आणलेल्या हिंदी गिरमिटियांनाही तासांचे, हजेरीचे आणि परवान्याचे तेच जोखड मिळाले. त्यांचे पहिले जहाज 10 मे 1845 रोजी ओल्ड हार्बर बे इथे लागले होते आणि 1917 पर्यंत सुमारे 36,000 माणसे आली.

अभ्यासकांनी हा धागा इतरत्रही उलगडला आहे. ई. पी. थॉम्पसन या इंग्लिश इतिहासकाराचा 1967 चा निबंध प्रसिद्ध आहे. घड्याळाची शिस्त ही इंग्लंडच्या कामगारांतही उपजत नव्हती, कारखान्यांनी ती दंड आणि भोंग्यांच्या बळावर मुरवली, हे त्याने दाखवले. मार्क स्मिथने अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळ्यांवरच्या घड्याळांचा इतिहास 1997 मध्ये मांडला. केव्हिन बर्थ या मानववंशशास्त्रज्ञाने त्रिनिदादच्या एका खेड्यात राहून 1999 मध्ये पुस्तक लिहिले. एकाच गावात कोकोचा शेतकरी, टॅक्सीवाला, नोकरदार आणि शाळकरी पोर वेगवेगळ्या वेळांवर जगतात आणि त्या वेळा एकमेकींवर आदळतात, हे त्यात दिसते. ‘कुठलीही वेळ ती त्रिनिदादची वेळ’ ही तिथली म्हण अशा धडकांवर घातलेली फुंकर आहे.

उष्ण हवामानावर खापर फोडणारेही आहेत. रॉबर्ट लेव्हिन या मानसशास्त्रज्ञाने 31 देशांत लोकांची चाल, टपाल कारकुनाचा वेग आणि सार्वजनिक घड्याळांची अचूकता मोजली. स्वित्झर्लंड पहिला आला, मेक्सिको शेवटचा. उष्ण देश सरासरीने संथ निघाले हे खरे. पण अर्थव्यवस्थेचा जोरही वेगाशी जोडलेला दिसला आणि त्या यादीत उष्ण कोस्टा रिका अमेरिकेच्या पुढे होता. ऊन सगळीकडे सारखे पडते, सवयी मात्र सारख्या होत नाहीत.

जमैकातही त्या सारख्या नाहीत. दरवर्षी ईस्टरच्या आधी किंग्स्टनच्या राष्ट्रीय स्टेडियमवर शाळांच्या मैदानी स्पर्धा होतात. लोक त्यांना ‘चॅम्प्स’ म्हणतात. 1910 पासूनची ही परंपरा आहे. तिथे शर्यतींचे वेळापत्रक पाळले जाते आणि गॅलरीतला शाळकरी मुलगा सेकंदाच्या शंभराव्या भागावर वाद घालतो. उसेन बोल्ट याच मातीतून आला. 2009 मध्ये बर्लिनला त्याने 100 मीटर 9.58 सेकंदांत कापले. 2011 च्या दैगू स्पर्धेत तो बाद झाला, कारण बंदुकीच्या आधीच सुटला होता. किंग्स्टनच्या कोरोनेशन मार्केटमध्ये गावाकडून माल घेऊन येणाऱ्या बायका, ज्यांना तिथे ‘हिगलर’ म्हणतात, शनिवारच्या बाजारासाठी आधीच येऊन जागा धरतात. त्यांना उशीर परवडतच नाही. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट हा तिथल्या सर्वांत मोठ्या पंथांपैकी एक. त्यांचा शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारच्या सूर्यास्ताला सुटतो. दर आठवड्याला सूर्यास्ताची वेळ पाहून सैपाक आणि झाडलोट आटोपणाऱ्या कुटुंबांना वेळेचे भान नाही असे कोण म्हणेल?

मराठी क्रिकेटरसिकांना किंग्स्टनचा एक जुना हिशेब आठवत असेल. फेब्रुवारी 1971, सबाइना पार्क, भारत विरुद्ध वेस्ट इंडीज. कसोटीचा पहिला दिवस पावसाने वाहून गेला. मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी 212 धावा केल्या, एकनाथ सोलकरांनी 61, आणि भारताला 170 धावांची आघाडी मिळाली. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनसाठी 200 ची आघाडी लागते. पण दिवस गेल्यामुळे सामना चार दिवसांचा धरायचा आणि मग 150 पुरतात, हा नियम भारताचे कर्णधार अजित वाडेकर यांना नेमका ठाऊक होता. त्यांनी फॉलोऑन दिला तेव्हा विंडीजचे कर्णधार गॅरी सोबर्स चकित झाले. त्या मालिकेची हवा तिथून फिरली.

मग उशीर होतो कुठे? पहिली जागा रस्ता. जमैकात रेल्वे 1845 मध्येच आली, बोरीबंदर-ठाणे गाडीच्या आठ वर्षे आधी. पण प्रवासी सेवा 1992 मध्ये बंद पडली आणि वेळापत्रकावर चालणारे एक मोठे वाहन देशाच्या आयुष्यातून गेले. किंग्स्टनमध्ये सरकारी बस आहे, पण देशाचा मोठा भाग रूट टॅक्सी आणि मिनीबसवर चालतो. आपल्याकडच्या वडापसारखी ती भरली की निघते. चार माणसे मिळेपर्यंत पहिल्याने बसून राहायचे. वर पाऊस आला की रस्ते तुंबतात. नऊच्या कामासाठी सातला निघालेली बाई सव्वानऊला पोहोचली, तर तिच्या स्वभावाला दोष कसा देणार? स्वतःची गाडी असलेला साहेब दहाला आला तर कुणी विचारत नाही. तिचा मात्र पगार कापला जातो.

दुसरी जागा करमणूक. तिथला उशीर निराळा, जाणूनबुजून केलेला. डान्सहॉलची पार्टी नऊची असली तरी मध्यरात्रीआधी तिकडे फिरकणे म्हणजे अडाणीपणा समजतात. 2003 मध्ये किंग्स्टनच्या टिव्होली गार्डन्स वस्तीत सुरू झालेला ‘पासा पासा’ हा रस्त्यावरचा नाच तर पहाटेच रंगात येई. याची गाठ पडते 1997 च्या ध्वनिनियंत्रण कायद्याशी. त्या कायद्याने शुक्रवार-शनिवारच्या रात्री दोनपर्यंत आणि इतर रात्री बारापर्यंतच मोठ्या आवाजाला मुभा दिली. पोलीस येऊन संगीत बंद करतात तेव्हा पाहुणे नुकतेच जमलेले असतात. आयोजक म्हणतात, पोट यावर आहे, मुदत वाढवा. शेजारी म्हणतात, सकाळी कामावर जायचे आहे. दोघांचे खरे आहे. तरी नऊची पार्टी नऊला सुरू करून पाहणे कोणत्याच कायद्याविना जमण्यासारखे आहे, आणि तिथे बदलायचे आहे ते लोकांनीच.

तिसरी जागा सर्वांत जिव्हारी लागणारी: सरकारी दवाखाना आणि कोर्ट. जमैकाने एप्रिल 2008 पासून सरकारी आरोग्यसेवेचे शुल्क रद्द केले. गरिबाचे पैसे वाचले ही मोठी गोष्ट झाली, पण रांगेतले तास वाचले नाहीत. कोर्टाची तारीख पडली की साक्षीदाराचा रोज बुडतो, आरोपी कोठडीत राहतो आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो वर्षानुवर्षे हेलपाटे घालतो. 2018 मध्ये सरन्यायाधीश झालेले ब्रायन साइक्स यांनी हा प्रश्न आकड्यांत आणला. ठरलेल्या तारखेलाच सुनावणी होण्याचे प्रमाण किती, हे कोर्टांच्या अहवालांत छापले जाऊ लागले. वक्तशीरपणावर भाषण देण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचे काम आहे, कारण यात उशिराची जबाबदारी खुर्चीवर येते.

वेळेचा मालक कोण, हा जुना वाद कायद्यातही पुन्हा उमटला. 2014 च्या लवचीक कामकाज कायद्याने आठवड्याच्या कोणत्याही दिवशी कामाचे तास लावायची मोकळीक दिली. ख्रिस्ती चर्चसंस्थांनी उपासनेच्या दिवसाची काळजी व्यक्त केली. मालक माझे तास ठरवताना माझा शनिवार-रविवार सोडेल का, ही ती काळजी होती. ज्या देशात शनिवार कधीकाळी दंड म्हणून हिरावला गेला, तिथे ती अनाठायी म्हणता येत नाही.

इतिहास समजून घेणे म्हणजे आजच्या उशिराला माफी देणे नव्हे. शंखाला न जाणे हे बंड होते. दवाखान्याच्या बाकावर तापलेले मूल मांडीवर घेऊन बसलेल्या आईला ताटकळत ठेवणे हे बंड नाही, ती तिच्या आयुष्यातली कपात आहे. ‘जमैका टाइम’ची गंमत पर्यटकाला आणि स्वतःची गाडी असलेल्याला परवडते. रोजंदारीवरच्या माणसाला ती कधीच परवडली नाही, आणि उशिराचा ठपका सर्वांत जास्त बसतो तोही त्याच्यावरच. म्हणून या देशाला वक्तशीर व्हायचे असेल तर क्रम उलटा धरावा लागेल. आधी दवाखान्यात भेटीची ठरलेली वेळ, कोर्टात ठरल्या तारखेला सुनावणी आणि गावोगाव वेळापत्रकाने सुटणारी बस द्यावी. कामगाराच्या हजेरीची मिनिटे मोजण्याचा अधिकार सरकारला आणि मालकांना त्यानंतर मिळेल.